दरडींचं मॉडेल: आधी तारखा तपासा

सह्याद्रीतल्या दरडींच्या अंदाजासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन (घटना घडण्याची शक्यता काढणारं सांख्यिकी मॉडेल) चालवणार असाल तर अचूकतेची टक्केवारी विसरा. २ लाख नोंदींत (एक नोंद म्हणजे एका जागेचा एक दिवस) ४० दरडी असतील, तर कायम 'नाही' म्हणणारं मॉडेलही ९९.९८ टक्के बरोबर ठरतं! प्रिसिजन (दिलेल्या इशाऱ्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (खऱ्या दरडींपैकी पकडल्या किती) बघा.

खरी गडबड तारखांत होते. हवामान खात्याचा दैनिक पाऊस, म्हणजे मागच्या २४ तासांचा, सकाळी साडेआठला मोजून त्याच तारखेला लिहितात. इर्शाळवाडीची दरड १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळली; तो पाऊस २० तारखेच्या नोंदीत सापडेल. नुसती तारीख जुळवलीत तर नेमका तोच निसटतो. उलट २० ची नोंद घेतली, तर दरडीनंतरचा पाऊसही आत शिरतो. तासवार आकडे मिळाले तर उत्तमच.

४० घटनांवर तीन-चारच चलं (अंदाजासाठी वापरायचे घटक) पेलतात: ३ दिवसांचा पाऊस, आधीच्या १५ दिवसांचा, उतार. गुणक (मॉडेलने प्रत्येक चलाला दिलेलं वजन) भरमसाट फुगले तर फर्थची पद्धत (गुणकांना आवर घालणारी दुरुस्ती) वापरा. दरड नसलेल्या नोंदींतून ४०० च, म्हणजे साधारण ५०० त एक, निवडल्यात तर स्थिरपदातून (समीकरणातला चलांशिवायचा आकडा) ln(५००), म्हणजे ५०० चा नैसर्गिक लॉगॅरिदम, सुमारे ६.२ वजा करा. हे राहिलं की शक्यता अवास्तव मोठ्या येतात. चाचणीसाठी अख्खा पावसाळा बाजूला ठेवा. यादृच्छिक वाटणीत एकाच वादळी दिवसाच्या दरडी शिकवण्याच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही भागांत जातात आणि निकाल फसवा चांगला दिसतो.