नऊ खेपा

*आक्का, नमस्कार.*

*मी 36 वर्षांचा, कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. वडील पेंटर, दुकानांचे बोर्ड रंगवायचे. फ्लेक्स आलं, त्यांचं काम गेलं, मग काही वर्षांनी तेही गेले. चित्रकला शिकायला मुंबईत प्रवेश मिळावा म्हणून दोनदा धडपडलो, दोन्ही वेळा हुकला. पुण्यात एका गॅलरीवाल्यानं चित्रं न बघताच परत पाठवलं. आता फ्लेक्सच्याच दुकानात कॉम्प्युटरवर वाढदिवसाचे बॅनर करतो.*

*2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं. रात्री 11 ला पायरीला होतं, पहाटे 4 ला उंबऱ्याच्या आत. टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन, गव्हाचं पोतं, गाद्या, देव, कागदपत्रांची पेटी, बाबांच्या ब्रशांचा बिस्किटाचा डबा (निळा, झाकण वाकलेला), गॅसची टाकी असं वर नेता नेता उशीर झाला आणि माझी 62 चित्रं खालीच राहिली. बारा वर्षांची मेहनत गेली. तेव्हापासून ब्रश हातात धरला नाही.*

*पण आता ठरवलंय, या अपयशाचंच इंधन करायचं. सिनेमावाल्या भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला, तरी ते उभे राहिलेच की. मला 'महापूर' नावाचं मोठं प्रदर्शन करायचं आहे. कात्रणं, फोटो, पाण्याचे आकडे जमवलेत, चार फाइली झाल्या. नोकरी सोडून वर्षभर हेच करावं म्हणतो. बायकोच्या बचत गटातून कर्ज निघेल, ती नाही म्हणत नाही. आतली ही आग पेटती कशी ठेवू?*

*— पुरात वाहून गेलेला, शाहूपुरी*

अरे बाबा, तू शाहूपुरीतच आहेस. वाहून गेला असतास तर पत्र नृसिंहवाडीहून आलं असतं.

आक्का म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, चालवून घे. तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती, आणि मी खेपा मोजल्या. नऊ होतात. मिक्सर आणि टीव्ही एका खेपेत नेले असशील तर आठ, पण गाद्या एका खेपेत जात नाहीत हे मला माहीत आहे, म्हणून नऊच धर.

पूर मीही बघितलाय. 2005 चा बघितला, 2019 चा बघितला, 2021 चाही. आपली पंचगंगा काही समुद्राच्या लाटेसारखी अंगावर येत नाही. ती आधी सांगते, मग येते. राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फूट झाली की इशारा, 43 ला धोका, आणि राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की सगळ्या गावाला फोन. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला, सगळं खरं. पण ते चढलं इंचाइंचानं. तूच वेळ लिहिली आहेस: 11 ते 4. पाच तास. पाच तासांत नऊ खेपा, आणि दहावी झाली नाही.

62 चित्रं म्हणजे काय रे वजन? कागद असतील तर दोन गठ्ठे. कॅनव्हास असतील तर चार-पाच वेळा जिना चढायचा. गव्हाचं पोतं खांद्यावर घेणाऱ्याला ते जड नव्हतं. तू ती विसरलास असंही मी मानायला तयार नाही. बारा वर्षांचं काम माणूस विसरत नाही, पाणी पायरीला लागलेलं असताना तर नाहीच.

ती तू ठेवलीस.

रागावू नकोस, माझं ऐक. 2005 ला आमच्या खालच्या खोलीत पाणी आलं तेव्हा मी लोणच्याच्या दोन बरण्या वर नेल्या, सासूबाईंचं पितळेचं घंगाळ नेलं, आणि लग्नाचा अल्बम खालच्या कपाटात राहिला. "गडबडीत राहिला," असं मी सगळ्यांना सांगत होते. किती वर्षं सांगत होते विचारू नकोस. कपाट जिन्याच्या शेजारीच होतं. अल्बम बघून मला कधी बरं वाटलं नव्हतं, आणि तो गेला तेव्हा मी रडले नाही, हे आमच्या धाकट्या जावेनं तेवढं ओळखलं. पुरात माणूस काय उचलतो ते त्याचा हात ठरवतो. डोकं नंतर गोष्ट रचतं.

आता तुझंच पत्र बघ. 62 चित्रांतल्या एकाचंही तू वर्णन केलेलं नाहीस. रंकाळा होता, बाई होती, घोडा होता की नुसते रंग होते, एक शब्द नाही. फक्त आकडा. आणि डब्याला मात्र कंस! निळा आहे, झाकण वाकलेलं आहे. पोत्याला कंस नाही, देवांनाही नाही. सगळ्या पत्रात तुझा डोळा एकाच वस्तूवर चित्रकारासारखा पडलाय आणि ती वस्तू तू जीव मुठीत धरून वर नेली आहेस, पुढच्याच खेपेला गॅसची टाकी नेलीस. म्हणजे चित्रांना जागा नव्हती असं नव्हे, त्यांचा नंबर लागला नाही.

आपल्या गावात आबालाल रहिमानांची एक गोष्ट सांगतात. 1922 साली शाहू महाराज गेले, तेव्हा या चित्रकारानं आपली कितीतरी चित्रं कोटीतीर्थाच्या तळ्यात सोडून दिली म्हणे. खरं-खोटं तळ्याला ठाऊक. पण त्या गोष्टीत मला एक आवडतं: त्यांनी स्वतःच्या हातानं सोडली असं लोक सांगतात. तळं येऊन घेऊन गेलं असं कुणी म्हणत नाही. तुझी चित्रं तुला आवडत नव्हती. कदाचित मुंबईला दाखवायला काढली होतीस, पुण्याला दाखवायला काढली होतीस, आणि आत कुठेतरी कळलं होतं की ही आपली नव्हेत. पूर आला आणि तुझी सुटका झाली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायला हवी ती त्यानंतरच्या चार फायलींची.

त्या फायलींवर जरा बोलू. तू इतके पावसाळे कात्रणं चिकटवतोयस आणि एक रेघ मारलेली नाहीस. याला तयारी म्हणत नाहीत. मोबाईलवर कुणी ना कुणी रोज ओरडत असतं, तुमचं दुःख हीच तुमची ताकद, जखमेतून कला. ऐकायला बरं वाटतं, कारण काही करावं लागत नाही, नुसतं जखम उघडी ठेवून बसावं लागतं. इंधन इंधन काय करतोस? इंधन म्हणजे जळून संपायची वस्तू. गाडी कुठाय तुझी?

आणि भालजींना मध्ये आणू नकोस. आणायचंच असेल तर नीट आण. 1948 साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत त्यांचा स्टुडिओ जळाला, तयार होत आलेला सिनेमा जळाला. मग त्यांनी काय केलं? आगीवर सिनेमा काढला? जो जळाला होता तोच परत काढला. त्यांना तो हवा होता. तुला तुझ्या 62 मधलं एक तरी चित्र परत काढावंसं वाटलं का? वाटलं असतं तर ते पत्रात आलं असतं.

तुझ्या घराजवळच कुंभार गल्ली आहे. 2019 ला गणपती 2 सप्टेंबरला होते. पाणी ओसरलं तेव्हा हातात महिनाही नव्हता आणि भिजलेल्या मूर्तींचा चिखल झालेला. माणसं गाळ काढून परत कामाला बसली, कारण गणपती काही पुढं जाणार नव्हते. पुराची मूर्ती करावी असं तिथं कुणाच्या मनातही आलं नसेल.

आता डबा.

तुझे बाबा बोर्ड रंगवायचे, हे तू असं लिहिलंस जसं कुणी म्हणावं की वडील साधेच होते. अरे, ज्या गावात पेंटर हे आडनाव म्हणून मिरवलं गेलं त्या गावात राहतोस तू! सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मिस्त्री. त्यांनी नाटकाचे पडदे रंगवले, भाऊ आनंदरावांबरोबर सिनेमाचा कॅमेरा बनवायच्या नादाला लागले, 1916 ला आनंदराव गेले तरी बाबूरावांनी तो कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि स्वतःच्या सिनेमाची पोस्टरं स्वतः रंगवली. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे, गाडीवरून जाताना कधीतरी मान वर कर. रंगाऱ्याचं काम आणि कलावंताचं काम यांच्यात त्यांनी भिंत घातली नव्हती. ती तू घातलीस, कारण मुंबईत प्रवेश घेणाऱ्यांनी आणि पुण्याच्या गॅलरीवाल्यानं ती घातली होती, आणि तुला त्यांच्या बाजूला जाऊन उभं राहायचं होतं.

आणि दिवसभर तू करतोस काय? अक्षरं ओढून लांब करतोस. फ्लेक्सवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' बसत नाही म्हणून कॉम्प्युटरवर ते अक्षर चेपतोस, की बिचारी वेलांटी आडवी होते. खाली चाळीस मुंडकी, प्रत्येकाला गॉगल. मला हे बोर्ड बघून डोकं दुखतं, हा माझा वैयक्तिक त्रास आहे, सोडून दे. पण ते अक्षर चेपताना तुला काहीतरी होत असणार. शिडी धरायला लहानपणी तूच असणार. रस्त्याच्या पलीकडं जाऊन "वाचता येतंय का बघ रे" हे तुलाच सांगितलं असणार. शिरोरेघ किती जाड, काना कुठं संपवायचा, लांबून 'भ' आणि 'म' वेगळे दिसले पाहिजेत, हे तू बारा वर्षं चित्रं काढून शिकलेला नाहीस. ते त्याच्या आधीच हातात आलं होतं. म्हणून हातानं तो डबा उचलला.

तर नोकरी सोडू नकोस. बायकोच्या बचत गटाकडे बघूही नकोस. "नाही म्हणत नाही" म्हणजे "हो" नव्हे, हे छत्तिसाव्या वर्षी कळायला हवं. यावर जास्त लिहीत नाही, तिचं पत्र आलं तर लिहीन.

एकच काम सांगते. येत्या रविवारपासून सुरू कर आणि त्याच्या पुढच्या रविवारी संपव. एक बोर्ड रंगव. पत्र्याचा, तीन फूट बाय दोन. तुझ्या गल्लीत इस्त्रीवाला असेल, पंक्चरवाला असेल, पिठाची गिरणी तर असेलच. जाऊन विचार, पाटी रंगवू का. पत्रा पॉलिश पेपरनं घास, लाल प्रायमर मार, वर ऑइल पेंटचा हात दे, एक दिवस वाळू दे. मग खडूची दोरी ताणून सूत मार. कॉम्प्युटरवरून अक्षर छापून आणून खाली ठेवायचं नाही. खडूनं लिहायचं, पुसायचं, लिहायचं, आणि मग ब्रश. शेड दुसऱ्या दिवशी, पहिला रंग वाळल्यावर, घाई करशील तर दोन्ही रंग एकमेकांत उतरतील, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आणि पैसे घे. फुकट करू नकोस. फुकट केलंस तर ते परत तुझं 'कलेसाठी' होईल, आणि गिरणीवाला चूक दाखवायला लाजेल. पाचशे घे, सातशे घे, पण असं घे की त्यानं रस्त्याच्या पलीकडं उभं राहून म्हटलं पाहिजे, "तो 'ठ' जरा बारका वाटतोय." मग तो 'ठ' नीट कर.

फायली रद्दीत घाल म्हणत नाही, माळ्यावर टाक. पुढं एखाद्या पावसाळ्यात तुला पुराचं चित्र काढावंसं वाटेल, तर तेव्हा त्यांची गरजही पडायची नाही. चिखलाची रेघ भिंतीवर कुठवर होती ते तुला झोपेतही सांगता येईल.

एक शेवटचं. पेंटर लोक काम झालं की ब्रश रॉकेलमध्ये धुतात आणि केसांना तेल लावून ठेवतात. नाही लावलं तर थोड्याच दिवसांत ब्रशची काडी होते. बाबांना जाऊन वर्षं झाली, आणि तू म्हणतोस पुरानंतर तू ब्रशला हात लावला नाहीस. आज घरी गेल्यावर ते वाकलेलं झाकण उघड. केस कडक झाले असतील तर नवीन ब्रश घे, लक्ष्मीपुरीत मिळतील. आणि मऊ असतील, तर घरात विचार, इतकी वर्षं तेल कोण लावतंय.

— आक्का