छोट्या टीमसाठी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) डिझाइनचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

तुमची तिघांची टीम आहे, बोर्ड दोन किंवा चार लेयरचे (तांब्याच्या थरांचे) असतील आणि फुकटचं सॉफ्टवेअर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. पुरेल. किकॅड घ्या. गेली काही वर्षं मी रोज तेच वापरतो.

निवड करताना मी आधी एकच बघतो: आजची फाइल पाच वर्षांनी उघडेल का? एखादी आयसी (चिप) बाजारातून जाते, तिच्या जागी दुसरी बसवायची वेळ येते आणि जुनं डिझाइन काढावंच लागतं. ईगल या पीसीबी सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. छंद म्हणून काम करणाऱ्यांचं ते वर्षानुवर्षं आवडतं होतं. २०१६ मध्ये ते ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेलं आणि २०२३ मध्ये ऑटोडेस्कने जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर ईगल बंद. ईगलच्या फाइल किकॅडमध्ये घेता येतात, हे बरं.

किकॅड १९९२ मध्ये ज्याँ-पिएर शारा यांनी सुरू केलं, २०१३ च्या सुमारास सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्र संशोधन संस्थेची माणसं त्यात उतरली. ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) ओढताना शेजारचे ट्रॅक आपसूक बाजूला सरकतात, ती सोय त्यांचीच. एकदा सवय लागली की सुटत नाही. फाइल साध्या मजकुरात असतात, त्यामुळे गिटमध्ये (फाइलमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवल्या की कुणी कुठला रेझिस्टर बदलला ते दिसतं. मात्र एकाच बोर्डाच्या लेआउटवर दोघांनी एकदम हात घालू नका, ते नंतर जुळवणं फार जिकिरीचं होतं. आणि नव्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल जुनीत उघडत नाही, तेव्हा अपडेट तिघांनी मिळूनच करा.

एखादाच बोर्ड झटपट हवा असेल तर ईझीईडीए चांगलं आहे: ब्राउझरमध्ये चालतं, पार्ट निवडून तिथूनच ऑर्डर जाते. अल्टियम हे विकतचं सॉफ्टवेअर ताकदीचं आहे, पण ग्राहकाने त्याच फाइल मागितल्या नाहीत तर एवढ्या कामाला त्याची गरज नाही.

आता खरं महत्त्वाचं: लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरमधला पार्टच्या आकृत्यांचा संग्रह. बोर्ड वाया जातात ते बहुतेक इथेच. माझा एक बोर्ड असाच गेला. रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) एएमएस१११७ होता. ७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटरची मेटल टॅब (पाठीवरची धातूची पट्टी) ग्राउंडला असते, त्या सवयीने मी याचीही टॅब ग्राउंडच्या कॉपरला जोडली. एएमएस१११७ ची टॅब आउटपुटला असते. फुटप्रिंट (पार्ट बसवायला बोर्डावर लागणारी तांब्याच्या जागांची आकृती) मी स्वतः बनवला होता आणि त्यात टॅबला वेगळा नंबर न देता नुसतंच कॉपर ठेवलं होतं, म्हणून डीआरसीला (सॉफ्टवेअरच्या आपोआप होणाऱ्या नियम-तपासणीला) त्यात काही खटकलं नाही. पॉवर दिली आणि आउटपुट थेट शॉर्ट.

तेव्हापासून टीमची एकच सामाईक लायब्ररी आहे. नवीन फुटप्रिंट एकाने बनवायचा, दुसऱ्याने डेटाशीट समोर ठेवून प्रत्येक पिन तपासायची, मगच तो लायब्ररीत जातो. गर्बर फाइल (बोर्ड बनवण्यासाठी कारखान्याला द्यायच्या फाइल) पाठवण्याआधी बोर्ड कागदावर १:१ छापतो आणि खरे कनेक्टर त्यावर ठेवून बघतो. पाय कागदातून टोचून पाहिले की छिद्रांमधलं अंतर चुकलेलं असेल तर तिथल्या तिथे कळतं.