वाचकांचे प्रश्न : मातीच्या घराची ‘पक्की’ नोंद आणि वगळलेले घरकुल

प्रश्न : आमचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूचे (कौलांचे) आहे. माकडे कवेलू फोडतात म्हणून समोरच्या पडवीवर तेवढे टिन टाकले. यंदा ग्रामपंचायतीने घराची नोंद पक्के बांधकाम अशी करून घरपट्टी वाढवली आणि त्याच कारणाने घरकुलाच्या यादीतून नावही वगळले. विचारले तर ‘नाव वरूनच कटले’ असे सांगतात. दाद कोठे मागावी?
– एक वाचक भगिनी, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, आपल्यावर झालेला अन्याय एकच असला तरी त्याचे निर्णय दोन आहेत आणि दोहोंचे अपील वेगवेगळ्या ठिकाणी चालते. एकाच अर्जात दोन्ही गाऱ्हाणी मांडू नयेत. तसे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात.

प्रथम कर आकारणी नोंदवहीचा, म्हणजे नमुना 8 चा, उतारा घ्यावा आणि त्यातील बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ व वय हे रकाने नीट पाहावेत. ग्रामपंचायत करनियमांच्या 2015 च्या दुरुस्तीनंतर घरपट्टी भांडवली मूल्यावर, म्हणजे जमीन व बांधकामाच्या किमतीवर, ठरते. या मूल्यात बांधकामाच्या प्रकारानुसार दर लागतो आणि जुन्या घराला घसारा, म्हणजे वयानुसार मूल्यात घट, मिळते. त्यामुळे मातीचे घर विटा-सिमेंटचे लिहिले गेले, की कर वाढणारच. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 नुसार अशा आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे अपील करता येते आणि तेथे समाधान न झाल्यास जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाता येते. देयक हाती पडताच हे अपील करावे, घराची प्रत्यक्ष पाहणी करून पंचनामा करण्याची मागणी त्यातच लिहावी आणि दरम्यान कर थकवू नये. भरताना ‘आकारणी मान्य नाही, हरकत राखून भरणा करीत आहे’ असे पत्र देऊन त्याची पोच घ्यावी.

घरकुलाचा मार्ग निराळा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत पक्के छत किंवा पक्क्या भिंती असलेली घरे यादीबाहेर काढली जातात. येथेच आपली बाजू नेमकेपणाने मांडावी लागेल, कारण मुख्य घरावरच टिन असते, तर आपले म्हणणे बरेच दुबळे ठरले असते. सर्वेक्षणाचा फोटो समोरून काढला असेल, तर त्यात पडवीच दिसणार. म्हणून घराच्या आतून वर दिसणारे कवेलू, त्यांवर ताडपत्री पसरलेली असल्यास ती आणि मागच्या भिंतीची माती यांचे फोटो अर्जाला जोडावेत. अर्ज गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यावा. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वगळलेल्या नावाबाबत चौकशी होऊन अहवाल अपील समितीपुढे जातो. या समितीत जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी, आणखी एक अधिकारी आणि किमान एक अशासकीय सदस्य असतो. नमुना 8 वरील चुकीची नोंद आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाऊ शकते. म्हणून करविषयक अपिलाची प्रत येथेही जोडावी.

‘वरूनच कटले’ हे उत्तर ऐकून घरी परतणारी कुटुंबे आपल्या भागात फार आहेत आणि याचे मला मनापासून दुःख होते, कारण तोंडी उत्तराविरुद्ध अपील करता येत नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून, दारिद्र्यरेषेखालील असल्यास विनाशुल्क, नाव वगळण्याचे कारण, सर्वेक्षणाचा फोटो आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागावी. 30 दिवसांत माहिती न मिळाल्यास प्रथम अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. पुढाऱ्याची चिठ्ठी आणण्यात दिवस घालवण्यापेक्षा प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेणे अधिक उपयोगाचे आहे. तालुक्याच्या लोकशाही दिनात पाठपुरावा जरूर करावा. मात्र तो अपिलाची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : मुलाकडे जुनी मोटारसायकल असल्यामुळे घरकुल मिळणार नाही, असे आम्हाला सांगितले गेले. हे खरे आहे काय?
– एक वाचक, जि. भंडारा

उत्तर : पूर्वी हा निकष होता. 2024 मध्ये केंद्र सरकारने निकष शिथिल करून दुचाकी आणि फ्रीज यांची अट काढून टाकली आणि मासिक उत्पन्नाची मर्यादा 10 हजारांवरून 15 हजार रुपये केली. तीनचाकी आणि चारचाकी वाहनाची अट मात्र कायम आहे. आपले नाव केवळ दुचाकीमुळे नाकारले गेले असल्यास ते कारण लेखी मागावे आणि गटविकास अधिकाऱ्यांकडील अर्जात या बदलाचा स्पष्ट उल्लेख करावा.