मांज्यात जखमी झालेली घार दवाखान्यापर्यंत कशी न्यावी? वाटेत पाणी पाजावं का?

नाही. चमच्यानं नाही, कापसाच्या बोळ्यानंही नाही. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. चोच फाकवून ओतलेलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं. एवढी गोष्ट आमच्या थोरल्या भावजींना अजून पटलेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संक्रांतीचे दिवस होते. सोसायटीमागच्या वडावर घार एका पंखानं लटकत होती. अग्निशमन दलाची माणसं शिडी लावून वर गेली, मांजा दोन्हीकडून कापला आणि तिला खाली आणली. पंखात रुतलेला तुकडा त्यांनी तसाच ठेवला. बरोबरच केलं, तो ओढला की आणखी चिरत जातो. मी वरून जाड टॉवेल टाकला. डोकं झाकलं की घार बऱ्यापैकी शांत होते. लोक चोचीला घाबरतात, पण सांभाळायच्या असतात त्या नख्या.

मी खोकं आणायला घरात गेले, तेवढ्यात भावजींनी मूठभर हळद जखमेवर दाबली आणि वाटीभर पाणी मागवलं. "मुकं जनावर तहानेनं गेलं तर पाप कुणाच्या माथी?" बाकीची मंडळी मोबाइल काढून उभी. मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि कुंडीत रिकामी केली. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कार्यात 'हिनं घारीच्या तोंडचं पाणी काढून घेतलं' ही कथा होते.

खोकं पुठ्ठ्याचं घ्या, बाजूंना पेन जाईल एवढी भोकं पाडा. तळाशी जुना टॉवेल, म्हणजे पाय घसरत नाहीत. पिंजरा नको, तारांवर आपटून पिसं मोडतात आणि मोडलेलं पीस गळून नवं येईपर्यंत तसंच राहतं. झाकण बंद करून चिकटपट्टी लावा आणि वाटेत 'जिवंत आहे ना' म्हणून दर सिग्नलला उघडून बघू नका. अंधारात पक्षी निवांत राहतो. मी खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला आधी गाणी बंद करायला लावली.

उपचार केंद्रात डॉक्टरांचा बराच वेळ नुसती हळद धुण्यात गेला. रक्तात कालवून पिसांच्या मुळाशी वाळलेला पिवळा थर होता तो. पंखाच्या पुढच्या कडेची नुसती कातडी फाटली आहे की आतला स्नायूबंधही तुटला आहे, तेच दिसेना. "हळद कुणी लावली?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी गप्प बसले. घार वाचली, पुढे सोडलीही. भावजींच्या मते हळदीनंच.

बरी होईपर्यंत घरी ठेवू म्हणाल, तर तेही करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे असा प्राणी हाती आला की ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनविभागाला कळवावं लागतं. महाराष्ट्रात वनविभागाचा नंबर १९२६. खरं तर खोकं शोधण्याआधी हाच फोन करा. आणि नायलॉन मांज्यावर हरित न्यायाधिकरणाची २०१७ पासून देशभर बंदी आहे. दरवर्षी तो कुठे मिळतो हे गल्लीतल्या पोरांना ठाऊक असतं, बाकी कुणाला नसतं.

हे सगळं पक्ष्यांचं झालं, तेही सोबत टॉवेल धरायला कुणी असेल तर. कोल्हा, मुंगूस, माकड यांना हात लावू नका, रेबीजचा धोका असतो. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्यायला जा. चितळ-काळवीट तर पाठलाग करून पकडलं की त्या धसक्यानंच मरू शकतं, जखम किरकोळ असली तरी. उसात बिबट्याचं बछडं दिसलं तर उचलू नका, तोड थांबवून लांब व्हा. जुन्नरकडे वनविभागाचे लोक ते सापडल्या जागीच ठेवतात, रात्री आई येऊन घेऊन जाते. 'किती गोड' म्हणत घरी नेऊन दूध पाजणाऱ्यांवर वेगळं उत्तर लिहावं लागेल.