देशाचा ‘गर्व’, देशाचा ‘अभिमान’ आणि दासाभिमानी राम

एका वाचकाने विचारले आहे की, ‘मला माझ्या देशाचा गर्व आहे’ आणि ‘मला माझ्या देशाचा अभिमान आहे’ यांपैकी कोणते वाक्य योग्य. आणि देशातील गैरकारभार, विषमता व बेफिकिरी रोज डोळ्यांसमोर असताना ‘अभिमान आहे’ असे म्हणणे खोटेपणाचे ठरत नाही काय.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत संपते: ‘गर्व’ नको. हिंदीत ‘गर्व’ मानाने वावरतो आणि ‘अभिमान’ बहुधा घमेंडीच्या अर्थाने येतो. मराठीत या दोघांनी जागांची अदलाबदल केलेली आहे. ज्या भाषेत गर्वाचे घर खाली असते, त्या भाषेत भाषणांतून, जाहिरातींतून आणि शालेय निबंधांतूनही देशाला त्याच घरी राहायला पाठवले जाते, हे मी सतत ऐकतो आणि दर वेळी तितकाच चिडतो.

दुसरा प्रश्न मात्र मोलाचा आहे, कारण त्यामागे ‘अभिमान’ या शब्दाचा आज रूढ झालेला उथळ अर्थ उभा आहे. उत्तम गोष्टीबद्दल छाती फुगणे, एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. तो चुकीचा नाही. पण त्याच्या पोटात जो जुना अर्थ आहे, तो पाहिला तर ही शंका उरत नाही. ‘अभि’ म्हणजे कडे, समोर. ‘मन्’ म्हणजे मानणे. समोरच्या वस्तूकडे मन वळवून ‘ही माझी’, ‘हा मीच’ असे मानणे, हा अभिमान. सांख्य दर्शनाचा मूलग्रंथ असलेल्या सांख्यकारिकेच्या २४व्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, ग्रंथकार ईश्वरकृष्णाने ‘अभिमानोऽहंकारः’ अशी अहंकाराची व्याख्याच केली आहे, आणि तेथे फुशारकीचा संबंध नसून ‘मी’ आणि ‘माझे’ हे भान जेथून सुरू होते त्या तत्त्वाचा आहे. वस्तू चांगली की वाईट, हा विचार त्या व्याख्येत कोठेही येत नाही.

आता मराठीतला पुरावा पाहा. ‘नुपेक्षी कदा राम दासाभिमानी’ हा मनाच्या श्लोकांतील चरण ज्याने लहानपणी घोकला नाही असा मराठी माणूस विरळा. तरीही ‘दासाभिमानी’ म्हणजे काय, असे विचारल्यावर भले भले ‘दासांचा अभिमान असलेला’ असे म्हणून मोकळे होतात. रामाला दासांचा अभिमान वाटावा असे दासांनी केले तरी काय होते? अहल्येच्या शिळेचा श्लोक याच चरणाने संपतो, आणि ती तर शाप भोगत पडलेली होती. समर्थांच्या मनात कौतुकाची भावना नाही. दासाला आपला म्हणून पत्करणारा, त्याचा भार आपल्या शिरी घेणारा, तो दासाभिमानी. अर्थाची किल्ली चरणाच्या आरंभीच ठेवलेली आहे: ‘नुपेक्षी’, म्हणजे तो उपेक्षा करीत नाही. पुढच्या काही श्लोकांत ‘देव भक्ताभिमानी’ असे रूप येते, तेथेही हाच भाव आहे. ‘देशाभिमानी’ हा सामासिक शब्द मी याच साच्यातला मानतो. देशाची उपेक्षा न करणारा, तो देशाभिमानी. त्याला देश निर्दोष दिसण्याची गरज नाही.

मला याहूनही आनंद देणारा प्रयोग वेदान्तात आहे. ‘माती बोलली’, ‘पाणी बोलले’ अशी वाक्ये श्रुतीत, म्हणजे वेद-उपनिषदांत, येतात, आणि जड वस्तू बोलेल कशी, असा आक्षेप निघतो. वेदान्ताचा आधारग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतील २.१.५ या सूत्राच्या चर्चेत त्याला असे उत्तर मिळते की, हे बोलणे मातीचे नसून तिच्या अभिमानी देवतेचे आहे. मातीला तोंड नाही. तिला ‘मी’ मानणारी देवता तिच्या वतीने बोलते. यावरून मी असे म्हणतो की, देशाला काय दुखते आहे ते बोलून दाखवणारा माणूस शब्दशः त्या देशाचा अभिमानी होय. ही माझी ओढाताण आहे, हे मला कळते. ब्रह्मसूत्रांचा विषय देशकारण नव्हे. परंतु दोष दाखवणाऱ्याला ‘तुला देशाभिमान नाही’ असे सुनावणाऱ्यांची ओढाताण याहून मोठी आहे, आणि तिला तर सूत्राचाही आधार नाही.

काही शुद्धतावादी मंडळी दुसऱ्या टोकाला जातात. गीतेच्या १६व्या अध्यायात दंभ आणि दर्प यांच्या पंक्तीला अभिमान बसवला आहे, तेव्हा तो शब्दच टाकून ‘देशप्रेम’ म्हणावे, असा त्यांचा आग्रह असतो. त्यांनी सोयीने हे सांगायचे टाळले आहे की, तेथे ‘अभिमान’ऐवजी ‘अतिमान’ असाही पाठ आढळतो. आणि पाठ कोणताही घेतला, तरी एका ओळीवरून शब्दाला फाशी द्यायची, तर ‘काम’ आणि ‘मोह’ यांनाही मराठीतून हद्दपार करावे लागेल. ‘सार्थ अभिमान’ म्हणणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे. ज्यांचा आपल्या नामावर विश्वास नसतो, ते त्याच्यामागे विशेषणाचा टेकू लावतात.

बंगालीकडेही एकदा पाहावे. तेथे ‘अभिमान’ म्हणजे जिवाभावाच्या माणसाने दुखावल्यावर येणारा रुसवा, आणि तो परक्यावर कधी धरता येत नाही. देशावर चिडलेल्या, तरीही देश न सोडणाऱ्या माणसाच्या मनःस्थितीला इतका नेमका शब्द मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही. धातू तोच, उपसर्ग तोच, आणि ‘माझे’ मानण्यातून एकीकडे ताठा निघाला, दुसरीकडे रुसवा, तर रामदासांच्या ओळीत सांभाळ.

क्रियापदाविषयी एक सूचना करतो. ‘अभिमान वाटतो’ यात देशाने काही तरी चांगले करून दाखवावे आणि मग आपल्याला वाटावे, अशी अट दडलेली आहे. ‘अभिमान बाळगतो’ यात ती अट नाही. शस्त्र बाळगावे, हत्ती बाळगावा, तसे ते आपल्या खर्चाने आणि आपल्या जबाबदारीवर करायचे काम आहे. प्रश्नकर्त्यांनी आपले वाक्य ‘मी माझ्या देशाचा अभिमान बाळगतो’ असे करावे. ‘देशाबद्दल अभिमान’ असेही लिहिलेले आढळते. ते चूक नव्हे, पण ‘दासाभिमानी’ हा षष्ठी तत्पुरुष आहे, म्हणून मी ‘देशाचा’च लिहितो.