स्टेज 1 केलेल्या टर्बो पेट्रोल गाडीत ऑक्टेन बूस्टर टाकला तर ट्यूनवर काय फरक पडतो?

तुम्ही विचारलंय की 1.0 लिटर टर्बोला स्टेज 1 रिमॅप केलाय (म्हणजे पार्ट न बदलता इंजिनच्या संगणकातला मॅप, त्याची सेटिंग्ज, बदललीत), आता टाकीत बूस्टरची बाटली ओतली तर अजून पॉवर निघेल का. नाही निघणार. गेलेली परत येईल, तीही खरंच गेली असेल तरच.

ऑक्टेनमध्ये ताकद नसते. ठिणगी पडायच्या आधी किंवा ज्योत पोचायच्या आत आपोआप न भडकण्याची ती सहनशक्ती. टर्बो हवा कोंबतो, सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, पेट्रोलचं ऑक्टेन कमी पडलं की नॉकिंग, म्हणजे हा आपोआप भडका, सुरू. नॉक सेन्सरनं ते ऐकलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, टायमिंग मागं घेतो, ठिणगी उशिरा पाडतो. गाडी मरगळते पण पिस्टन वाचतो. ऑक्टेन पुरलं तर ईसीयू मॅपमधल्या टायमिंगपर्यंत जातो आणि तिथंच थांबतो. मॅपात 20 अंश लिहिले असतील तर 100 ऑक्टेन घालूनही 22 होत नाहीत.

मी एप्रिलच्या उन्हात वैभववाडीहून गगनबावड्याकडं करूळ घाट चढताना लॉग (ईसीयूच्या आकड्यांची नोंद) काढला होता. पंपावरचं साधं पेट्रोल, तिसरा गिअर, एका सिलिंडरचं टायमिंग 5 अंशांनी मागं. पुढच्या खेपेला बाटली टाकून 4. त्या दिवशी हवाही जरा गार होती, त्यामुळं त्या एका अंशाचं श्रेय बाटलीला द्यायला माझं मन होत नाही.

बाटलीवरचे 'पॉइंट' नीट वाचा. 10 पॉइंट म्हणजे 1 ऑक्टेन. 8 पॉइंटवाली ओतली तर 95 चं 95.8 होणार, बस्स.

बऱ्याच बूस्टरमध्ये मँगनीजचं एमएमटी असतं, काहींत लोखंडाचं फेरोसीन. तीन-चार बाटल्यांनंतर मी प्लग काढले तर टोकावर विटकरी थर. थर जाड झाला की ठिणगी त्यातूनच गळते आणि नेमकी भरल्या बूस्टवर मिसफायर येते. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरलाही ते मानवत नाही. ऑक्टेनसाठी रंगाचं थिनर ओतणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

तुमच्या ट्यूनवर खरा परिणाम पंपावरच्या इथेनॉलचाच असणार. आपल्या उसाच्या पट्ट्यात हे नवं नाही. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण 14.7 लागतं, ई-10 ला (10 टक्के इथेनॉल) साधारण 14.1, ई-20 ला 13.5 च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त. मॅप ई-10 च्या काळातला असेल तर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करतो ती दुरुस्ती) अधिककडं सरकलेलं दिसेल, आणि इंजेक्टर आधीच क्षमतेच्या शेवटाला टेकले असतील तर पूर्ण बूस्टवर मिश्रण लीन (हवेच्या मानानं इंधन कमी) होऊ शकतं. वर अल्कोहोलवालं अॅडिटिव्ह टाकलं की आणखी भर.

इंजेक्टर क्लीनर वेगळा विषय. पीईए (पॉलिइथर अमाइन हे सफाईचं रसायन) असलेलं चांगलं काम करतं, पण इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचं असेल तर इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन त्यानं निघत नाही, कारण पेट्रोल तिथं पोचतच नाही.

तेव्हा आधी घाटात, भर दुपारी लॉग काढा. टायमिंग एक-दोन अंशच मागं जात असेल तर बाटलीचे पैसे मिसळीला लावा. चार-पाच जात असेल तर लॉग घेऊन ट्यूनरकडं जा आणि तुम्ही रोज ज्या पंपावर भरता त्याच पेट्रोलवर मॅप परत बसवून घ्या.