सिरॅमिक्स एमएफएचं (कलेच्या पदव्युत्तर पदवीचं) प्रदर्शन चार महिन्यांवर आलंय आणि निवेदनाचा एक शब्दही लिहिलेला नाही. आधी कशाला हात घालू?

तुमच्या प्रश्नात दिलेली माहिती अशी: भिंतीवर लावायच्या 18 सेंमीच्या 60 पाट्या, 75 सेंमी उंचीचे दोन पोकळ उभे आकार, कोन 9 चं स्टोनवेअर (उंच तापमानाला भाजायची घट्ट माती; कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारा मातीचा सुळका), वर्गात चौघे जण मिळून एकच गॅस भट्टी (आतून 80 × 80 × 90 सेंमी), एप्रिलअखेर प्रदर्शन आणि कामामागचा विचार सांगणारं 4000 शब्दांचं निवेदन. आधी भट्टीच्या तारखा पक्क्या करा. चार महिने ऐकायला भरपूर वाटतात, पण तुमच्या वाट्याला भट्टी प्रत्यक्षात चारदाच येते.

एकदा भट्टी लावणं म्हणजे भरणं, पेटवणं, दीड-दोन दिवस थंड होऊ देणं, रिकामी करणं, शेल्फवर सांडलेलं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर) घासून पुन्हा किल्न वॉश, म्हणजे ग्लेझ चिकटू न देणारा लेप, लावणं. आठवडा जातोच. चौघांची पाळी धरली तर 16 आठवड्यांत तुमचा नंबर चार वेळा लागतो. दोन बिस्क (ग्लेझ लावण्याआधीची पहिली भाजणी) आणि दोन ग्लेझ म्हटलं की संपलं, चुकायला जागाच नाही. म्हणून वर्गात आजच बोलून बिस्क सामायिक करा. बिस्क सगळ्यांचं 1000 अंशांच्या आसपासच होतं आणि त्यात वस्तू एकमेकींना टेकल्या तरी चालतं. तुमच्या पाट्या इतरांच्या भांड्यांच्या फटीत बसून जातील. वाचलेली पाळी राखीव ठेवा. शेवटची ग्लेझ भट्टी उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी उघडली गेली पाहिजे. राखीव पाळी त्याच्यानंतरची. तीत नवीन काम घालायचं नाही, फक्त दुरुस्ती.

आता मापं. तुमच्या मातीचं आकसणं 12 टक्के असेल (10 सेंमीची रेघ ओढलेली पट्टी भाजून स्वतः मोजा, पाकिटावर विसंबू नका), तर ओलं माप = भाजलेलं माप ÷ 0.88. म्हणजे पाटी 20.5 सेंमीची कापायची आणि उभा आकार साधारण 85 सेंमीचा बांधायचा. इथे बरेच जण फसतात. ते 75 सेंमी भट्टीत मावतील एवढंच बघतात, पण बिस्कला जाताना आकार निम्माच आकसलेला असतो, म्हणजे 80 सेंमीच्या आसपास. खालचं शेल्फ आणि त्याखालचे प्रॉप (आधाराचे ठोकळे) यांत 7-8 सेंमी जातात. 90 च्या भट्टीत वर जेमतेम दोन-तीन सेंमी उरतात आणि माथ्याशी ज्योत वळायला जागा राहत नाही. माझं मत विचाराल तर दोन्ही आकार 70 वर आणा. हॉलमध्ये तो फरक कुणाला दिसणार नाही.

उभे आकार पहिल्या तीन आठवड्यांत बांधून संपवा, कारण त्यांना वाळायलाच महिना लागतो. भिंत दीड ते दोन सेंमी, ग्रॉग (भाजलेल्या मातीचा चुरा) 20 ते 30 टक्के, तळ पट्ट्यांच्या चौकटीवर उचललेला, म्हणजे खालून हवा लागते. वरचा काठ प्लास्टिकने झाका, कारण तोच आधी सुकतो आणि खालचा ओला भाग त्याला ओढतो. उभे तडे बहुतेक तिथूनच सुरू होतात. मार्च-एप्रिलची कोरडी हवा, त्यात नागपूर-अमरावतीकडची, ही पावसाळ्यापेक्षा जास्त काम फोडते. पंख्याखाली तर अजिबात नको.

बिस्कमध्ये डॅम्पर (धुराड्याची झडप) उघडा ठेवून रात्रभर 80-90 अंशांवर धरा. सकाळी स्पाय होलसमोर (भट्टीत डोकावायच्या भोकासमोर) आरसा धरून बघा. त्यावर वाफ धरली तर अजून पाणी आहे, थांबा. भिंतीतल्या पाण्याची 100 अंशांना आतच वाफ होते आणि वस्तू फुटते. पुढे 600 पर्यंत तासाला 60-80 अंश पुरे. 573 ला क्वार्ट्ज एकदम फुगतो, तिथे घाई नडते. 700 ते 900 मध्ये मातीतला कार्बन जळायला हवा मिळाली नाही, तर ग्लेझ भट्टीत अंगावर फुगे येतात आणि दोष मात्र ग्लेझला दिला जातो. सिलिंडर दोन-तीन एकत्र जोडा. एकट्या 19 किलोच्या सिलिंडरवर बाहेरून बर्फ धरतो आणि नेमका शेवटच्या 100 अंशांत दाब पडतो.

ग्लेझच्या चाचण्या छोट्या इलेक्ट्रिक भट्टीत करून निर्धास्त होऊ नका. ती लवकर थंड होते आणि तिच्यात रिडक्शन (हवा कमी ठेवून भाजणं) नसतं. मॅट ग्लेझला थंड होताना स्फटिक धरायला वेळ लागतो. झटपट थंड झालं की तेच चकचकीत निघतं. चाचणीचे तुकडे इतरांच्या मोठ्या भट्टीत कोपऱ्यात घालायला मागा, कुणी नाही म्हणत नाही. सगळ्या पाट्यांचं ग्लेझ एकाच वेळी, फेल्डस्पारच्या (ग्लेझमधल्या खनिजाच्या) एकाच पोत्यातून कालवा. 100 मिली ग्लेझचं वजन वहीत टिपा (145 ग्रॅमच्या आसपास असतं) आणि दर सत्राआधी ते जुळवून घ्या, नाहीतर भिंतीवर दोन छटांचे गट स्पष्ट दिसतात.

पाट्या 60 हव्यात तर 80 करा. त्या वाकतातच. दोन प्लास्टर बोर्डांमध्ये वर्तमानपत्र घालून वाळवा, रोज उलटवा. ग्लेझ भट्टीत त्या एका थरात मावणार नाहीत, थरांवर थर रचावे लागतील. मधल्या शेल्फवरचा कोन नक्की ठेवा, कारण दाट रचलेल्या पाट्यांच्या मध्ये उष्णता उशिरा पोचते.

टांगायची सोय ओल्या मातीतच करायची. 6 मिमी स्क्रूसाठी मागे 8 मिमीचं भोक पाडलं तर भाजून 7 राहतं, आणि त्यात ग्लेझ गेलं तर तेही बुजतं, म्हणून मागची बाजू कोरी ठेवा. सव्वा सेंमी जाडीची एक पाटी साधारण 850 ते 900 ग्रॅम भरते, 60 मिळून 50 किलोंच्या वर. डबल टेपच्या भरवशावर हे वजन सोडू नका. संस्थांच्या जुन्या भिंतींचा गिलावा भुसभुशीत असतो, प्लग फिरतो. त्यापेक्षा 12 मिमी प्लायचे चार बोर्ड रंगवून पाट्या त्यावर जमिनीवरच लावा आणि बोर्ड 45 अंशांत कापलेल्या लाकडी पट्टीवर अडकवा. पट्टीचे स्क्रू मात्र विटेपर्यंत पोचायला हवेत. आधी एकास एक मापाचा कागदी नकाशा भिंतीला चिकटवून बघा. मांडणीचा मध्य जमिनीपासून 145-150 सेंमीवर चांगला दिसतो. उभ्या आकारांच्या पोटात वाळूची पिशवी ठेवा. उद्घाटनाला लोक पाठीवर बॅगा घेऊन वळतात, त्यामुळे भोवती मीटरभर मोकळं.

आता निवेदन. ते आज सुरू होतं, भट्टीच्या वहीत. "माती ही माझ्यासाठी अस्तित्वाचं रूपक आहे" हे वाक्य कुणाच्याही कामाखाली खपेल, म्हणून ते तुमच्या उपयोगाचं नाही. याउलट हे बघा: "पाटीची कड 4 मिमी आणि मध्य 12 मिमी ठेवल्यावर कड आधी सुकून वर उचलली गेली. पहिल्या दहा पाट्या मी दाबून सरळ केल्या. नंतर तो वाक राहू दिला आणि सावली कुठे पडेल त्यावरून मांडणी ठरवली." यात साहित्य, निर्णय आणि कल्पना तिन्ही आलं. असे सात-आठ निर्णय, प्रत्येकी 250-300 शब्द, म्हणजे अर्धं निवेदन उभं राहतं. दर भट्टीनंतर दोन दिवसांत लिहा. आठवड्याने फक्त कौतुक आठवतं.

परंपरेच्या भागात नावांची यादी देऊ नका. कुणाचा कोणता निर्णय तुम्ही घेतला किंवा नाकारला ते सांगा. पाट्यांवर चित्रण असेल, तर 1870 च्या दशकात जॉर्ज टेरीच्या देखरेखीखाली मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये झालेलं काम टाळून चालणार नाही: सिंधची ग्लेझची रीत आणि अजिंठ्याचे आकृतिबंध एकाच भांड्यावर. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ते समोर उभं राहून बघता येतं. मोठ्या आकारांबद्दल लिहिताना पुदुच्चेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी (1971) आणि तिथल्या रे मीकर यांनी अख्खी मातीची घरं बांधून भाजली तो प्रयोग, हा उपयोगी संदर्भ आहे.

तोंडी परीक्षेत हमखास विचारतात: साठच का, इतक्या उंच तापमानाला का, आणि भाजलंच का? तिन्हीची उत्तरं निवेदनात आधीच असू द्या. आणि कार्यालयात एक गोष्ट आताच विचारून घ्या: बांधलेली प्रत प्रदर्शनाआधी द्यायची की नंतर. आधी असेल तर हॉलमधल्या मांडणीचे फोटो त्यात येणार नाहीत. मग शेवटची ग्लेझ भट्टी उघडल्यावर लगेच एक दिवस करड्या कागदावर, बाजूच्या मऊ उजेडात सुटे फोटो काढून घ्या आणि मांडणीच्या जागी मापांसकट आराखडा जोडा.